हुंकारापुरती जागा

बाई, तुमची तेरवी झाली. पाहुणे आपापल्या गावी गेले, मांडववाला मांडव सोडून घेऊन गेला. शेजारी गेलेली आपली मोठी परात अजून परत आली नाही. तुम्ही असता तर दुसऱ्याच दिवशी आली असती. प्रभाकरही गेला काल. जाताना म्हणाला, "काकू, आईचं मशीन तुम्हीच ठेवा. आम्ही काय करू त्याचं?" मी ठेवून घेतलं. तुमच्या खाटेजवळच्या स्टुलावर होतं, तुमच्याच जुन्या लुगड्याच्या तुकड्याखाली झाकलेलं. आत कॅसेट तशीच होती. तीन भावांची ती जाडजूड कादंबरी शेवटच्या काही पानांपाशी येऊन अडली होती, आणि ती मी पुढे वाचावी की नाही हे मला आज दुपारपर्यंत कळत नव्हतं.

तुमचा नियमच तसा होता. "माह्या म्होरं एक पान जाचं नाही, शालू. शेवट ज्याले आधीच ठाऊक हाये, त्याचा आवाज चुगली करते." मी हसायची, पण नियम पाळला. पुस्तक माझ्या हातात, डोळे माझे, पाहणारं दुसरं कोणी नाही, तरी कधी पान उलटून पुढचं पाहिलं नाही. त्यामुळे तुम्ही गेलात तेव्हा त्या धाकट्या भावाचं काय झालं ते तुम्हालाही ठाऊक नव्हतं आणि मलाही नाही. मग विचारायचं कोणाला?

भेटायला येणारे सगळे एकच बोलून गेले. मोठ्या सुनेनं घर धरून ठेवलं, दीर-नणंदांचं केलं, धाकट्या जावेला लेकीसारखं वागवलं. खरंच आहे, मी कशाला नाही म्हणू? पण बाई, तुम्ही वाचायच्या हे एकानंही म्हटलं नाही. जसं काही ते तुमचं फावल्या वेळचं काम होतं. मला तर इतक्या वर्षांत तुमच्यात दुसरं काही एवढं मोठं दिसलंच नाही.

लग्न होऊन इतवारीतल्या या घरात आले, त्या पहिल्या सकाळची गोष्ट. स्वयंपाकघरात डोकावले तर तुम्ही चुलीपुढे उभ्या. एका हाताने बेसन घोटत होता, दुसऱ्या हातात लायब्ररीचं पुस्तक. उभ्यानं, धुरात, डोक्यावर पदर घेऊन कोणी वाचतं हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आता बेसन लागणार. लागलं नाही. पान संपलं, तुम्ही अंगठ्यानंच उलटलं आणि मला म्हणालात, "उभी काहून राहिली वं? पाट घे." पुढे पाहिलं की किराण्याच्या पुड्यांचे कागदसुद्धा तुम्ही सरळ करून वाचून मगच चुलीत घालता. एकदा अर्धी गोष्ट जिऱ्याच्या पुडीतून आली, तर उरलेली अर्धी मिळवायला तुम्ही भरउन्हात किराणावाल्याकडे गेलात. त्यानं त्या कागदात दुसऱ्या कोणाला धणे बांधून दिले होते. तुम्ही त्या घरीही गेलात. खापा गावाकडच्या शेतकऱ्याची लेक, कोणाच्या दारात कधी चिमूटभर साखर मागायला गेली नाही, आणि धण्याचा कागद मागायला गेली.

मग डोळे गेले. डॉक्टरांनी सांगितलं, मधलं जाईल, कडेचं राहील. चालता येईल, माणूस ओळखू येईल, पण अक्षर दिसणार नाही. घरी आल्यावर तुम्ही माझ्याकडे तोंड करून बसलात आणि म्हणालात, "मजा पाह्य. तुह्या तोंडाकडं पाह्यलं तर तोंडच नाही दिसत. कानातलं दिसते." मला हुंदका आला. तुम्ही मात्र एखाद्या वस्तूची तपासणी करावी तशा त्या आंधळेपणाकडे पाहत होता. आधी भिंग आणलं. मग भिंग घेऊन गच्चीवर उन्हात बसायला लागलात. मग तेही पुरेना. एके दिवशी मला हाक मारून लायब्ररीचं पुस्तक हातात दिलंत आणि म्हणालात, "हे वापस करून ये. वाचून झालं नाही, पण वापस कर." त्या दिवशी मी खरी घाबरले. वाटलं, आता या माणसात काय उरेल?

आम्ही सगळ्यांनी मिळून तुमची सोय ठरवून टाकली होती. आता माळ घेतील, भजनाला जातील, नातवंडं खेळवतील. तुम्हाला कोणी विचारलंच नाही.

शेजारच्या घरी बारसं होतं. तिथल्या एका पाहुण्यानं बायकांची पाळण्याची गाणी टेप केली आणि लगेच लावून दाखवली. आपलाच आवाज ऐकून सगळ्या बायका लोटपोट झाल्या. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही त्या माणसाला जवळ बोलावून विचारलंत, "एकच ओळ पुन्हा आयकाची असन तर? मंधातच थांबवाचं असन तर?" त्यानं करून दाखवलं. घरी येताना गल्लीतच तुम्ही माझा हात दाबलात. "शालू, मले वाचाचं मशीन भेटलं."

घरात त्यावरून केवढी चर्चा झाली ते आठवा. सगळ्यांचं एकच म्हणणं, घ्यायचंच तर टू-इन-वन घ्या, रेडिओही येतो त्यात. बातम्या ऐकाल, गाणी ऐकाल, करमेल. प्रभाकरनंही तेच कळवलं. मीही तेच म्हटलं, वर सांगितलं की वस्तू घ्यावी तर चार कामाची. तुम्ही शांतपणे शेंगा फोडत होता. म्हणालात, "गाणं लागलं का हात तिकडंच जाते. पुस्तकात रेडिओ नसते म्हणूनच पुस्तक वाचून होते. मले वाचाचंच पाह्यजे." वाचायचं मशीन. दुकानात असली वस्तू नसते हे सांगून सांगून आम्ही थकलो, पण तुम्ही पदर खोचून तयार.

बर्डीवरच्या बाजारातली दुकानं झाली, मग सदर बाजारातली. सदरच्या त्या दुकानात तुम्ही जे केलंत ते मी मरेपर्यंत विसरायची नाही. दुकानदारानं काउंटरवर चार-पाच मशीनं मांडली. तुम्ही डोक्यावरचा पदर ओढून थेट हनुवटीपर्यंत घेतला. तो बिचारा गडबडला. "अम्माजी, हमसे क्या परदा?" तुम्ही पदराच्या आतून म्हणालात, "परदा नही भैया. कल को इतना भी नही दिखेगा, तो आजच अंधेरे मे देख लेती."

आणि मग एकेक मशीन हातानं वाचलंत. बटणांवरून बोटं फिरवत होता, दाबत होता, सोडत होता. एकाचं मागे न्यायचं बटण आणि बंद करायचं बटण सारख्याच उंचीचं, ते बाजूला. एकाचा खटका इतका मोठा की वाक्यच तुटेल, ते बाजूला. एकात रेडिओ, त्याला हातही लावला नाहीत. दुकानदार म्हणत होता, "जमाना टू-इन-वन का है, अम्माजी." तुम्ही म्हणालात, "तुम्हारे जमाने को लेके जाओ." मग पिशवीतून पुस्तक काढून मला दिलंत. "वाच." भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, मी एकच उतारा प्रत्येक मशीनपुढे वाचला. लाजेनं माझे कान तापले. तुम्ही पदराआड कान देऊन ऐकत होता, मागे नेत होता, पुन्हा ऐकत होता. हळूहळू ती गिऱ्हाइकंही गप्प झाली. दुकानदारानं नोकराला पंखा बंद करायला लावला. कोणी सांगितलं नव्हतं त्याला.

शेवटी ते काळं, चपटं, मुठीचं मशीन तुम्ही निवडलंत. पियानोसारख्या पाच पट्ट्या, बाकी काही नाही. बंद करायची पट्टी पटकन सापडावी म्हणून काहीतरी खूण हवी होती. तुम्ही हात पुढे करून माझं कपाळ चाचपलंत आणि माझी टिकली काढून त्या पट्टीवर चिकटवलीत. मी कोऱ्या कपाळानं सायकलरिक्षातून घरी आले. दारात हे म्हणाले, "काय गं, मी आहे ना अजून?" तुम्ही इतक्या हसलात की पायरीवरच बसलात.

डोळे गेलेलं माणूस मी दुसरंही पाहिलंय. माझी आत्या भिंतीकडे तोंड करून बसली ती उठलीच नाही. तुम्ही मात्र दुकानात जाऊन, पुढे येणारा अंधार आधीच अंगावर घेऊन, त्यात आपल्याला काय लागेल ते पारखून आणलंत. हे बळ कुठून येतं बाई, मला आजही उमजत नाही.

मग दुपारी टेपिंग सुरू झालं. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका, सकाळपाळीची, दुपारी मोकळी. मे महिन्यातही कूलर बंद, कारण त्याची घरघर टेपमध्ये येते. दारं-खिडक्या लावलेल्या, वाळ्याचा सुकलेला वास, घामानं पानं बोटांना चिकटलेली, आणि मी वाचतेय. तुम्ही समोर खाटेवर. पहिली कॅसेट झाली, लावून पाहिली, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दर उताऱ्यामागे तुमचा आवाज. हं. हं. हं.

"बाई, हे काय करून ठेवलं? सगळी टेप खराब झाली."

"काहून? हुंकार नको भराले?"

"टेपमध्ये कशाला हुंकार?"

तुम्हाला माझंच नवल वाटलं. तुमच्या गावी म्हणे कहाणी सांगणारा एक आणि हुंकार भरणारा एक, असे दोघं लागतात. हुंकार थांबला की सांगणारा थांबतो. ऐकणारं कोणी नसताना नुसतं बोलत राहणं म्हणजे वेड लागणं. मी म्हटलं, तुमच्या गावी दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो असंही म्हणतात, मग दुपारी कशाला वाचायला लावता? तर म्हणालात, "माहे मामा केव्हाच गेले. आता कुठी चुकतीन?"

पुढचं पुस्तक मी हट्टानं आतल्या खोलीत एकटीनं वाचलं. स्वच्छ, एकही हुंकार नाही. मोठ्या ऐटीत आणून लावलं. तुम्ही थोडा वेळ ऐकलंत आणि टिकलीवर बोट ठेवून बंद केलंत. "हे कोणी वाचून नाही राहिलं, शालू. बोलून राहिलं." मी चिडले, दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी पुस्तक घेऊन तुमच्यासमोर येऊन बसले, कारण खरं सांगू का, एकटीनं वाचताना मलाही ते कोरडंच लागलं होतं.

आणि मग तुमचे हुंकार मला कळायला लागले. आधी वाटायचं, एकच हं. पण एक पुढे काय म्हणून विचारणारा, एक कीव आलेला, एक दात आवळलेला, एक कोणाचं लबाडपण ओळखलेला. आणि सगळ्यात भारी म्हणजे न दिलेला. एकदा मी उतारा संपवून थांबले, तर तुम्ही गप्प. वाटलं डोळा लागला. हळूच पुन्हा वाचलं. तरी गप्प. "बाई, झोपल्या का?" तर म्हणालात, "जागीच हाये. पटलं नाही मले. ही बाई असं नाही बोलणार. जाऊ दे, होऊ दे म्होरं." मी तो उतारा मनात पुन्हा घोळवला आणि खरंच, लेखक तिथं चुकला होता. त्याला पल्ला गाठायचा होता म्हणून त्यानं तिच्या तोंडी ते घातलं होतं. शाळेत इतकी वर्षं मुलांना धडे शिकवले, पण छापलेल्या ओळीला असं गप्प राहून उत्तर देता येतं हे मला तुम्ही दाखवलंत.

आपलं एक भांडण मात्र मिटलंच नाही. मी म्हणायची, बाई, तुम्ही ऐकता, याला वाचणं नाही म्हणत. तुम्हाला राग यायचा. "रेडिओ त्याच्या मनानं चालते, ते आयकणं. हे माह्या मनानं थांबते, माह्या मनानं मागं जाते. मंग वाचणं नाही तर काय?" मी म्हणायची, डोळ्यांखालून अक्षर गेलं नाही तर वाचन कसलं. तुम्ही म्हणायच्या, डोया काय, तो तर दरवाजा हाये. मग मी चहा ठेवायला उठायची आणि भांडण दुसऱ्या दिवसावर जायचं. एखादं वाक्य आवडलं की तुम्ही मागे न्यायच्या, सुर्र आवाज यायचा, आणि बरोबर त्या वाक्याच्या तोंडाशी बोट सुटायचं. मला कधी जमलं नाही ते. मी नेलं की एक तर फार मागे, नाहीतर अर्ध्यात.

आणि मग ही तीन भावांची कादंबरी. धाकटा रुसून घर सोडून गेलेला, थोरला बोलून दाखवत नाही पण रोज त्याचं ताट वाढायला लावतो. तुमचा जीव त्या ताटात अडकला होता. त्या दुपारी मी पुढचं प्रकरण सुरू करणार, तर तुम्ही हात वर केलात. थकलेल्या दिसत होता. "आज राहू दे वं. धाकट्याले आजच घरी नको आणू. उद्या आणू आरामानं." तो येणारच असं धरूनच चालला होतात. मी म्हटलं, येतो की नाही कोणाला माहीत. तुम्ही म्हणालात, "येते पाह्य." दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्हाला उठवायला आले तर तुम्ही नव्हता.

काल प्रभाकर गेल्यावर घर रिकामं झालं. मी लुगड्याचा तुकडा काढला आणि कॅसेटच्या पेटीतली सगळ्यात पहिली कॅसेट लावली. माझाच आवाज, घाईचा, कंटाळलेला. दूर कुठंतरी भांडं पडलेलं. आणि मग तुम्ही. हं. बाई, फोटोत तुम्ही नाही आहात. तो हार घातलेला फोटो कोणा भलत्याच बाईचा वाटतो, त्यात हातात पुस्तक नाही. पण इथं तुम्ही होता, अख्ख्या, पदर खोचून, पुढे काय म्हणून विचारत. मी खाटेची दोरी धरून रडले. ज्याला मी टेप खराब झाली म्हटलं होतं तेवढंच तुमचं माझ्याकडे शिल्लक आहे.

आज दुपारी कूलर बंद केला. दारं लावली. मशीनमध्ये पुन्हा कादंबरीची कॅसेट घातली, टेपिंग सुरू केलं, पुस्तक उघडलं आणि उरलेली पानं वाचली. तुमची खाट समोर रिकामी होती, पण सवयीनं मी प्रत्येक उताऱ्यानंतर थांबत गेले. हं यायला जितका वेळ लागतो तितकी थांबायची आणि पुढे वाचायची. शेवटचं वाक्य झालं. थांबले. मग मशीन बंद केलं.

पण मोठ्यानं वाचताना काय होतं तुम्हाला ठाऊक आहे, जीभ पुढे पळते आणि अर्थ मागे राहतो. म्हणून मी उठून तुमच्या खाटेवर, तुमच्या जागी बसले. डोळे मिटले आणि सगळं पहिल्यापासून लावलं. एके ठिकाणी थोरल्याच्या तोंडचं एक साधंसं वाक्य आलं. मघाशी ते माझ्या ओठांवरून निघून गेलं होतं, मला कळलंही नव्हतं. आता ते छातीत लागलं. माझं बोट आपोआप गेलं, सुर्र झालं, टेप मागे गेली, आणि बोट सुटलं ते बरोबर त्या वाक्याच्या तोंडाशी. मी ते पुन्हा ऐकलं.

नाही. पुन्हा वाचलं. घ्या बाई, म्हटलं मी. जिंकलात तुम्ही.

धाकट्याचं काय झालं ते मी इथं सांगत नाही. कोणी शेवट सांगितलेला तुम्हाला कधी खपला नाही. कॅसेट पुन्हा सुरुवातीला आणून ठेवली आहे आणि टिकली नवी लावली आहे, जुनीचा गोंद सुटला होता. उताऱ्या-उताऱ्यामागे हुंकारापुरती जागा सोडली आहे. पटलं तर भरा, नाही पटलं तर गप्प राहा. मी आता लावते आहे.